चावणारं धनुष्य

आबांनी एखाद्या गोष्टीला ‘झकास’ म्हटलं की आई सावध व्हायची. आबा म्हणजे माझे वडील. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत होती आणि आमच्या पेठेतल्या तालमीचे ते वस्ताद होते. तरुणपणी मैदानं मारलेला हाडाचा पैलवान. अशा माणसाला काही दुखतं, खुपतं, बोचतं असं म्हणायची चोरी. आमटीत मीठ घालायचं राहिलं तर ते ताट चाटूनपुसून साफ करायचे आणि म्हणायचे, झकास. मग आई स्वतः पहिला घास घ्यायची आणि कपाळावर हात मारायची. एकदा तापानं फणफणले असताना डॉक्टरांनी कसं वाटतंय म्हणून विचारलं, तर म्हणे झकास. डॉक्टर बिचारे आईकडं बघायला लागले.

मला या प्रकाराचा भारी संताप यायचा. राग माझ्या नाकावर असतो, अजूनही असतो, ते सगळ्यांना माहीत आहे. पण मी म्हणते, माणसाला देवानं तोंड दिलंय ते काय नुसतं मिशी ठेवायला?

त्यातून आबांचं ते चपलांचं तत्त्वज्ञान. नवी कोल्हापुरी चप्पल पायात घातली की चावते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिला तेल पाजायचं, रोज थोडं थोडं घालून चालायचं, मग कातडं मऊ पडतं आणि ती पायाची होऊन जाते. आबांनी यातून असा निष्कर्ष काढला होता की जी चप्पल जास्त चावते ती जास्त चांगली. दुकानात बसून ते एकेक जोड पायात घालून बघायचे आणि त्यातला सगळ्यात चावरा जोड निवडून घरी आणायचे. मग महिनाभर लंगडत अडतीवर जायचे. आई संध्याकाळी त्यांच्या अंगठ्याला हळद लावायची. ‘‘पहिल्यापासून मऊ असतंय ते लवकर तुटतंय,’’ असं ते मला समजावून सांगायचे. हे चपलांपुरतं ठीक होतं हो. पण आबांनी सगळ्या जगालाच त्या मापात बसवलं होतं.

ही गोष्ट ऐंशी साल उलटून गेल्यानंतरची. मी तेव्हा नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. त्याआधी दोन वर्षं, अडतीवर गुळाचा रवा, म्हणजे तीसेक किलोची ढेप, उचलून थप्पीवर ठेवताना आबांच्या उजव्या खांद्यात काहीतरी झालं. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, त्यामुळं आम्हालाही नीटसं कळलं नाही. दिसायचं तेवढं आम्ही बघत होतो. ते डाव्या हातानं भांग पाडायला लागले. फडताळातला वरचा डबा स्वतः न काढता आईला हाक मारायला लागले. फेटा स्वतःच्या हातानं बांधणारा माणूस, तो तालमीत जाऊन दुसऱ्याकडून बांधून घ्यायला लागला, आणि वर म्हणायचा की पोरांना शिकू दे. डॉक्टरांचा विषय काढला की अडतीवर गाडी यायची हाय म्हणून उठून जायचे.

घोडं पेंड खात होतं ते दसऱ्यापाशी. आमच्या तालमीत एक मान होता. दसऱ्याच्या दुपारी, सोनं लुटायला मैदानाकडं निघण्याआधी, तालमीच्या अंगणात केळीचा खुंट रोवायचा आणि वस्तादानं त्यात एक बाण मारायचा. त्याला मानाचा बाण म्हणायचे. बाण लागला की हलगी वाजायची आणि सगळे निघायचे. धनुष्य ज्याचं त्यानं आणायचं. आबा वर्षानुवर्षं आपलं वेळूचं धनुष्य वापरायचे. त्यांचा बाण कधी चुकला नव्हता. खांदा दुखावल्यावरचा पहिला दसरा कसाबसा निभावला. दुसऱ्या वर्षी मात्र दोरी अर्ध्यावर आली आणि त्यांच्या हातातून सुटली. बाण खुंटाच्या पायाशी जाऊन पडला. कुणी काही बोललं नाही. कोल्हापूरची माणसं गप्प बसली म्हणजे प्रकरण गंभीर समजावं. नंतर तालमीतल्या जाणत्या लोकांनी घरी येऊन, चहा पिऊन, इकडचं तिकडचं बोलून शेवटी सुचवलं की पुढच्या वर्षापासून मान दुसऱ्या कुणाला द्यावा. आबा म्हणाले, आणखी एक दसरा बघू, न्हाईच लागला तर द्या. त्या दिवशी ते अडतीवर गेले नाहीत.

तर सगळं त्या एका बाणावर येऊन ठेपलं होतं. आबांचा तो मान गेला असता तर तालीम सुटली असती, आणि तालीम सुटली असती तर काय राहिलं असतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. 

अशात भाद्रपदात अमेरिकेहून दादा आला. दादा म्हणजे पेठ वडगावच्या माझ्या मावशीचा मुलगा. तिकडं इंजिनियर होता, आणि तिकडंच त्याला धनुष्यबाणाचा नाद लागला होता. सुट्टीला येताना त्यानं दोन धनुष्यं आणली होती. दिवाळीनंतर परत जाताना त्यातलं एक आबांसाठी ठेवून जायचा त्याचा विचार होता. आबांच्या खांद्याचं त्याला आईनं पत्रातून कळवलं असणार, पण तसं दोघंही दाखवत नव्हते.

आमच्या सोप्यात त्यानं ती धनुष्यं उघडली तेव्हा अर्धी गल्ली गोळा झाली. असलं काही कुणी बघितलंच नव्हतं. दोन्ही टोकांना चाकं, त्या चाकांवरून फिरलेल्या पोलादी तारा, मधे दोरी. शेजारच्या काकांचे कबनूरला कापडाचे माग होते. ते चष्मा लावून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, हे मागाचंच काहीतरी सुटं झालेलं हाय, पावण्याला अमेरिकेत गंडवलंय. दादानं हसत हसत समजावलं. हे चाकाचं धनुष्य ओढताना आधी जोर लागतो, पण अर्ध्याच्या पुढं गेलं की चाक फिरतं आणि हातावरचा भार एकदम कमी होतो. पुरतं ओढून धरलं तरी हात थरथरत नाही, निवांत नेम धरता येतो. एकच पथ्य, बाण लावल्याशिवाय ओढून सोडायचं नाही, नाहीतर मोडतं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. शेवटी हलकं होतं म्हणजे ती लबाडी न्हवं काय?

दादा म्हणाला, काका, विहिरीवर रहाट लावतात ती लबाडी का? त्यावर आबा मिशीत हसले. मला वाटलं, चला, निम्मं काम झालं.

धनुष्य निवडायला आम्ही गावाबाहेरच्या एका गुऱ्हाळावर गेलो. आबांच्या ओळखीतलंच गुऱ्हाळ होतं. हंगाम सुरू व्हायचा होता, त्यामुळं चुलाण थंड आणि आवार मोकळं. पोत्यांत उसाची चिपाडं ठासून भरली, ती पोती एकावर एक रचली, आणि त्यांच्यापुढं केळीचा खुंट रोवला. खुंट दादानं रोवला, कारण माझा रोवलेला पडत होता.

दोन धनुष्यांत एक काळं होतं, मूठ धातूची, चाकं मोठी आणि वेडीवाकडी. दुसरं लाकडी मुठीचं, जरा आखूड, चाकं गोल. दादानं दोन्हींतला फरक सांगितला. काळं जोरकस, बाण वेगात जातो, पण ओढताना धक्के देतं आणि सोडल्यावर हाताला झटका बसतो. लाकडी सावकाश ओढलं जातं, हाताला सुख असतं, बाण थोडा मंद जातो. केळीच्या खुंटाला वेगाशी काय करायचंय, असंही तो म्हणाला. आणि मग म्हणाला की धनुष्य दुसऱ्यानं निवडून देता येत नाही. ज्याचं त्यानं ओढून बघायचं, हाताला कसं वाटतं ते सांगायचं, त्यावरून ठरतं.

मी मनात म्हटलं, झालं. हाताला कसं वाटतं ते सांगायचं, आणि तेही आमच्या आबांनी!

आबांनी आधी काळं घेतलं. ओढताना त्यांच्या मानेची शीर तट्ट फुगली, चाक फिरलं तसा खांदा पुढं हिसडला, आणि बाण पोत्यात कुठंतरी वर घुसला. दादानं विचारलं, कसं वाटलं काका? आबा म्हणाले, झकास.

मग लाकडी घेतलं. ते त्यांनी ओढलं, चाकं फिरली, आणि आबा तसेच थांबले. चेहऱ्यावर काही नाही. बाण खुंटात लागला. पुढचाही खुंटात, आधीच्याच्या शेजारी. दादानं विचारलं, कसं वाटलं? आबा धनुष्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, ठीक हाय.

मला काय ते कळलं होतं. आमच्या घरात ज्याला ‘ठीक’ म्हटलं ते खरंच ठीक असायचं. दादाला कुठून कळणार? तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला, मूठ टोचते का, मनगट वाकतं का, खांद्यावर ताण येतो का. आबा सगळ्याला न्हाय, न्हाय म्हणत राहिले. शेवटी त्यांनी काळं उचललं आणि जाहीर केलं की हे बरं. हे चावतंय. चावणारं वापरून वापरून आपलं होतंय, पहिल्यापासून मऊ असतंय ते दगा देतंय.

चप्पल! अहो, अमेरिकेहून आलेल्या धनुष्याला आमच्या आबांनी चपलेच्या रांगेत नेऊन बसवलं!

दादानं तरी तडजोड सुचवली. काळ्याचे बोल्ट थोडे सैल केले की ते ओढायला हलकं होतं, दसरा झाला की पुन्हा आवळता येतात. आबांनी त्याच्याकडं असं बघितलं की मला दादाचीच दया आली. ‘‘मी काय दुधात पाणी घालणारा हाय?’’ एवढंच ते म्हणाले. तालमीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध पिऊन वाढलेल्या माणसाच्या तोंडून यापेक्षा मोठी शिवी निघत नाही.

मग रोज शाळा सुटल्यावर मी गुऱ्हाळावर जायची आणि आबांचा सराव बघायची. ते काळ्या धनुष्याला खरोखरच चपलेसारखं वागवत होते. त्याच्या मुठीला एरंडेल चोळायचे. त्यानं काही ती मऊ पडेना, घामानं आणि तेलानं उलट हातातून निसटायला लागली. मग त्यावर चिंधी गुंडाळली. बाण एकदा डावीकडं, एकदा पोत्यांच्याही वरून. दादा बाण शोधून आणायचा. आबा प्रत्येक वेळी म्हणायचे, येतंय येतंय, पायात येतंय. हाताला पायात म्हणायला लागले म्हणजे बघा.

घरी आल्यावर ते भिंतीला डावा खांदा टेकून बसायचे. भाकरी मोडताना उजवा कोपर मांडीवर ठेवायचे. आई बघायची आणि ताटात भाकरी आधीच कुस्करून द्यायची. ‘‘झकास,’’ म्हणायचे आबा.

घटस्थापना झाली, माळा चढायला लागल्या, आणि एके दिवशी गुऱ्हाळावर माझा तोल सुटला. त्या दिवशी धनुष्य ओढताना आबांचा हात अर्ध्यावर अडकला. पुढं जाईना, मागं येईना. दादानं धावत जाऊन धरलं म्हणून बरं. तरीही आबा म्हणाले की काय झालं न्हाय, बोटं घसरली. मग मात्र मी तोंड सोडलं. म्हटलं, कुणाला फसवताय? आम्ही काय आंधळे आहोत? दुखतंय म्हटलं तर तुमची कुस्ती चितपट होणार आहे का? त्या लाकडी धनुष्यानं बाण लागतो हे पोत्यांनासुद्धा कळलंय, तुम्हाला कळत नाही? बराच वेळ बोलले मी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हेही बोलले. बापाला असं बोलावं का, तर बोलावं, वेळ आली की बोलावं.

आबांनी चिडून उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. ते बाण गोळा करायला गेले. चिपाडाच्या पोत्यांकडं पाठमोरे उभे राहून ते एकेक बाण उपटत होते, डाव्या हातानं. मला रडू आलं.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती थालीपीठ थापत होती. तिनं दादाला विचारलं की त्या दोघांतलं कुठलं बरं. दादा म्हणाला, मावशी, लाकडी. काका ते ओढतात तेव्हा श्वास घेतात. काळं ओढताना त्यांचा श्वास कोंडलेला असतो. आईनं थालीपिठाला भोकं पाडली आणि ते तव्यावर टाकलं. मला वाटलं, हीसुद्धा त्यांच्यातलीच.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा रंधा, ज्याचं जे पोटाचं हत्यार ते. आमच्या पाटावर अडतीचा तराजू, विळी, कोयता, माझं शिलाईचं मशीन, दादानं हट्टानं ठेवलेला त्याचा कॅमेरा. त्या दिवशी पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नाही. आणि दसऱ्याला जे हत्यार घेऊन निघायचं त्याची आदल्या दिवशी पूजा झालेलीच पाहिजे, बिनपुजेचं हत्यार उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. ही आबांच्या आईनं घालून दिलेली रीत, आणि आबा ती अक्षरशः पाळायचे.

आबा आंघोळ करून आले आणि पाटासमोर थबकले. पाटाच्या मधोमध लाकडी मुठीचं धनुष्य होतं. त्याला हळद-कुंकू लागलं होतं, दोन्ही चाकांवर झेंडूचं एकेक फूल, मुठीला आंब्याची डहाळी. काळं धनुष्य कुठंच नव्हतं.

आबांनी विचारलं, काळं कुठाय?

आई म्हणाली, कपाटावर. पाटावर जागा न्हवती.

शिलाई मशीनला जागा होती, कॅमेऱ्याला होती. मी आणि दादा एकमेकांकडं न बघता उभे राहिलो. आबांच्या नाकपुड्या फुगल्या. मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. पण आई शांतपणे निरांजनाची वात पुढं सारत म्हणाली, ‘‘कुंकू लागलंय आता. सासूबाईंनी सांगितलेलं मी मोडणार न्हाय, तुमास्नी मोडायचं आसंल तर मोडा.’’

आबा पाटासमोर बसले, आणि त्यांनी आरती म्हटली. जरा रागातच म्हटली, पण म्हटली.

दसऱ्याच्या दुपारी तालमीचं अंगण खचाखच भरलं होतं. मी समोरच्या घराच्या माडीवरून बघत होते. दादा आबांच्या मागं बाण घेऊन उभा. ते चाकाचं धनुष्य बघून कुजबुज सुरू झाली. जाणत्या लोकांपैकी एकानं मोठ्यानं विचारलंच, वस्ताद, हे यंत्र चालतंय व्हय? आबा म्हणाले, ओढणार मीच हाय न्हवं?  पण आता सगळ्यांच्या नजरा त्या उजव्या खांद्यावर होत्या, गेल्या वर्षी जिथून दोरी सुटली होती तिथं.

आबांनी बाण लावला आणि ओढायला सुरुवात केली. पहिलं निम्मं जड असतं, ते मला माहीत होतं. मी माडीचा कठडा धरला. आबांचा कोपर मागं आला, आणखी आला, आणि चाकं फिरली.

आणि आबा थांबले. वेळूच्या धनुष्यानं ते कधी थांबू शकले नव्हते, ओढलं की सोडावंच लागायचं. आज ते निवांत उभे होते. सगळी पेठ श्वास रोखून उभी, आणि हा माणूस सकाळचा पहिला चहा घेतल्यासारखा खुशीत. मला तर वाटलं, बाण सोडायचं विसरले की काय. मग दोरी वाजली. बाण खुंटाच्या मधोमध घुसला, आणि हलगी अशी कडाडली की माडीवरची कबुतरं उडाली. लोकांनी आबांना उचललं. उचलताना कुणीतरी उजव्या दंडाला धरलं, तेव्हा दादानं पुढं होऊन तो हात हळूच काढला.

आई आली नव्हती. ती घरीच थांबली होती. संध्याकाळी सोनं लुटून आम्ही घरी आलो तेव्हा ती दारात ओवाळणीचं तबक घेऊन उभी होती. आबांनी तिला आपट्याची पानं दिली, तिनं वाकून नमस्कार केला, त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. बाण लागला का हे तिनं विचारलं नाही. हलगी घरापर्यंत ऐकू गेली होती. ती ओवाळायला लागली, आणि आबा खाली बघत, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, ‘‘दुखलं न्हाय.’’

आईचा हात थांबला. ‘‘काय?’’

‘‘खांदा. आज दुखलं न्हाय.’’

आईनं तबक उंबऱ्यावर ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. दोन वर्षं ज्याच्या शर्टाची बटणं ती न बोलता लावत होती, भाकरी कुस्करून देत होती, त्यानं आज पहिल्यांदा कबूल केलं होतं की दुखत होतं. दादा भांबावला, की बाण तर लागला, मग मावशी रडते कशाला. मी त्याला आत ओढून नेलं. मागून आईचा आवाज आला, ‘‘आता उद्यापासनं सांगत जावा.’’ 

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. आदल्या दिवशीच्या धावपळीनं आई दमली होती. आबांनी आमटीचा भुरका मारला आणि थांबले. आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडं बघायला लागलो. त्यांनी आईकडं बघितलं, मग आमटीकडं, आणि घसा खाकरला.

‘‘मीठ कमी हाय गं,’’ आबा म्हणाले.

आई पळत पळत मिठाची बरणी घेऊन आली. इतकी खूश झालेली मी तिला त्याआधी कधी बघितली नव्हती.